‘खरी नावी’ म्हणणाऱ्यांना एक खुलं पत्र

आपल्या कॅफेच्या ग्रुपातल्या सगळ्यांना, आणि तुमच्यासारखेच ‘सिंपल गेला, नावी संपली’ असं म्हणत फिरणाऱ्या तमाम मराठी काउंटरवाल्यांना,

परवा रात्री ग्रुपवर नावीचा, म्हणजे काउंटर-स्ट्राइक या कॉम्प्युटर गेमच्या आपल्या लाडक्या युक्रेनच्या टीमचा, तो 2021 चा स्टॉकहोमचा फोटो पडला. सिंपल, म्हणजे टीम सोडून गेलेला आपला सगळ्यात मोठा स्टार, धरून पाच जण, मधे ट्रॉफी, आणि खाली कुणीतरी टाकलेलं, ‘ही खरी नावी, आताचे सगळे भाडोत्री’. बघता बघता अंगठ्यांची रांग लागली. खोटं कशाला बोलू, माझाही अंगठा उठला होता, फोटो आहेच तसा. पण तो ‘भाडोत्री’ शब्द काय डोक्यातनं जाईना. ग्रुपवर लिहायला गेलो तर नेहमीसारखं तिसऱ्या मेसेजला कुणीतरी मीम टाकणार आणि विषय बोंबलणार, म्हणून म्हणलं सरळ पत्रच लिहू, उघडं, ज्याला वाचायचंय त्यानं वाचा.

आधी एवढंच सांगा, खरी नावी म्हणजे नक्की कुठली?

कारण आपण विश्रामबागच्या त्या कॅफेत तासाला 15 रुपये देऊन काउंटर खेळायचो तेव्हा सिंपल हे नावसुद्धा कुणाला माहीत नव्हतं. मालकानं सर्व्हरच्या पीसीवर डी ड्राइव्हमधे एक फोल्डर ठेवला होता, फ्रॅग मूव्हीजचा, म्हणजे भारी खेळाडूंनी मारलेल्या माणसांच्या व्हिडिओंचा, आणि लाइनीत बसलेल्यांनी टाइमपास म्हणून तो बघायचा असा नियमच होता. त्यात मार्केलॉफ. हातात मॅग्नम (ऑप नावाच्या स्नायपर बंदुकीला आपण मॅग्नमच म्हणायचो, आठवतंय ना), आणि माणूस कोपऱ्यातनं दिसायच्या आधी गोळी सुटलेली. डिसेंबर 2009 मधे नावीची टीम उभी राहिली, झ्यूस, एडवर्ड, मार्केलॉफ, स्टारिक्स आणि तो एक ज्याला आपण सगळे कित्येक वर्षं ‘सेह-नाईन’ म्हणत होतो. तो सेह-नाईन नव्हताच. ती इंग्रजी अक्षरं आणि आकडा वापरून केलेली रशियन अक्षरांची नक्कल होती, उच्चार सेन्या, आर्सेनीचं लाडाचं नाव. मला हे कळलं तोवर तो खेळायचा थांबून कॉमेंट्री करायला लागला होता. असो.

तर हे पाच जण. 2010 या एकाच वर्षात आयईएम, ईएसडब्ल्यूसी आणि डब्ल्यूसीजी, तिन्ही मोठ्या स्पर्धा मारल्या, हॅनोव्हर, पॅरिस, लॉस एंजेलिस. तिन्ही एका वर्षात जिंकणारी ती पहिली टीम. तेव्हा कुणी विचारलं असतं तर आपण छातीठोक सांगितलं असतं की ही खरी नावी, बाकी सब झूट. आणि आज त्या पाचातला एकही तुमच्या फोटोत नाही.

म्हणजे हिशोब बघा कसा झाला. 2013 मधे मार्केलॉफ टीम सोडून गेला, त्याच वर्षी मॅग्नम सांभाळायला गार्डियन आलेला. गार्डियन कुठला? स्लोव्हाकियाचा. सहकाऱ्यांशी बोलायला तो रशियन शिकला. त्याला कुणी भाडोत्री म्हणलं नाही तेव्हा, उलट तुमच्यापैकीच एकाचं इन्स्टाचं नाव अजून गार्डियनवरनं आहे, मी नाव घेत नाही. 2015 मधे क्लुजला मेजरची, म्हणजे काउंटरच्या सगळ्यात मानाच्या स्पर्धेची, फायनल हरले, 2016 मधे कोलंबसला परत फायनल हरले, तेव्हा गार्डियनचं मनगट दुखत होतं आणि आपण सगळे ‘मनगट बरं असतं तर’ हे वाक्य महिनाभर चघळत होतो.

मग ऑगस्ट 2016. हा भाग नीट आठवा, कारण तुम्ही सगळे इथंच विसरता. अठरा वर्षांच्या सिंपलला घेतलं, आणि जागा करायला काढलं कुणाला? झ्यूसला. पहिल्या दिवसापासनं असलेल्या कॅप्टनला. आणि सिंपलची ख्याती तेव्हा काय होती, तर पोरगं भारी मारतं पण डोकं गरम, कुठल्याच टीमचं त्याच्याशी पटत नाही. ग्रुप तेव्हा व्हॉट्सॲपवर नुकता बनला होता आणि मला शपथेवर आठवतंय, ज्या गड्यानं परवाचा हा फोटो टाकला त्यानंच तेव्हा लिहिलं होतं, ‘झ्यूसशिवाय नावी बघणार नाही’. पुढच्या जुलैत झ्यूस गॅम्बिट या दुसऱ्या टीमकडनं क्राकोची मेजर जिंकला, नावीला तोवर जे जमलं नव्हतं ते त्यानं वर्षभरात बाहेर जाऊन केलं, आणि ऑगस्टमधे नावीनं त्याला परत बोलावलं! त्याच महिन्यात गार्डियन फेझ या टीमला गेला. नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आला, सीझ्ड गेला. लग्नघरात पाहुणे येतात-जातात तसं चाललेलं.

2018 ची टीम माझी सगळ्यात आवडती, झ्यूस, एडवर्ड, फ्लेमी, सिंपल, इलेक्ट्रॉनिक. कोलोनची स्पर्धा जिंकले. लंडनच्या मेजरच्या फायनलला ॲस्ट्रालिसनं सरळ 2-0 नं झोपवलं. सिंपल त्या वर्षी जगात एक नंबर, पण पाच जणांच्या खेळात एक नंबरचा माणूस किती एकटा दिसू शकतो ते त्या वर्षी दिसलं. मग 2019 मधे एडवर्डच्या जागी बूम्बला, झ्यूस सप्टेंबरात रिटायर, गार्डियन परत आला आणि तीन-चार महिन्यांत परत बाहेर, जानेवारी 2020 मधे परफेक्टो. कोच म्हणून ब्लेड. कटोवित्सेला मार्च 2020 मधे जी2 ला 3-0 नं फोडलं, आणि स्टेडियममधे चिटपाखरू नाही, कोरोनामुळं प्रेक्षकच बंद. ट्रॉफी उचलली आणि टाळ्या वाजवायला कोण नाही, मला तो सीन अजून डोळ्यापुढं येतो.

आणि मग फ्लेमी. फ्लेमीवर कुणीच पत्र लिहीत नाही म्हणून मी थोडं लिहितो. 2015 पासनंचा माणूस. 2020 च्या शेवटी ज्युनियर टीममधनं सतरा-अठरा वर्षांचा बिट वर आणला, आधी ठराविक मॅपपुरता (मॅप म्हणजे गेममधलं एक मैदान, एका मॅचमधे असे दोन-तीन), म्हणजे ह्या मॅपला फ्लेमी उठायचा आणि बिट बसायचा. मी हे स्वतः भोगलंय. कॅफेत आपण सहा जण असायचो आणि खुर्च्या पाच, तर सहावा मागं स्टुलावर बसायचा आणि ‘पुढच्या मॅपला मी’ म्हणायचा, आणि एकदा का तो मागं बसला की पुढचा मॅप कधी यायचाच नाही. फ्लेमीचा पण आला नाही. काही महिन्यांत तो पूर्ण बेंचवर. म्हणजे तुमचा तो फोटो, ती ‘खरी’ नावी, ती फ्लेमीला स्टुलावर बसवून तयार झालीय. ह्याबद्दल माझी तक्रार नाही, बिट चांगलाच होता. फक्त तेव्हा बिटला कुणी उपरा म्हणलं नाही हे ध्यानात ठेवा.

आता स्टॉकहोम. 7 नोव्हेंबर 2021, रविवार. भाऊबीज आदल्या दिवशी झालेली, मी ताईकडनं दिलेला चकलीचा डबा मांडीवर घेऊन लॅपटॉपपुढं. त्याच संध्याकाळी न्यूझीलंडनं अफगाणिस्तानला हरवलं आणि आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमधनं बाहेर, घरात सगळ्यांची तोंडं पडलेली, बाबा टीव्ही बंद करून झोपायला गेलेले. आणि रात्री मी एकटाच हेडफोन लावून. दुसरा मॅप न्यूक, ओव्हरटाइमला गेला, 22-19. अख्ख्या मेजरमधे एकही मॅप न हरता जिंकणारी पहिली टीम. 27 लाखांच्या वर माणसं एकाच वेळी बघत होती आणि त्यातली चौदा आपल्या ग्रुपातली. मी ओरडलो तर आई उठून आली, म्हणली काय झालं, जिंकलो का? म्हणलं हो जिंकलो. तिला वाटलं क्रिकेट. मी पण सांगत बसलो नाही.

तर ते पाच जण, सिंपल, इलेक्ट्रॉनिक, परफेक्टो, बूम्बला, बिट. किती काळ एकत्र होते माहितीये? मोजलं मी. सव्वा वर्षाच्या आसपास. बस. तुमची ‘खरी नावी’ म्हणजे क्लबच्या आयुष्यातलं जेमतेम सव्वा वर्ष.

आणि ती तुटली ते मॅनेजमेंटला अक्कल नव्हती म्हणून तुटली असं जे तुम्ही बिनधास्त लिहिता ना, त्याचा मला खरंच राग येतो. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. क्लब युक्रेनचा. टीममधे सिंपल आणि बिट युक्रेनचे, बाकी तिघं रशियाचे, आणि पाची जण एकमेकांशी बोलायचे ती भाषा रशियन. त्याच आठवड्यात कटोवित्सेच्या स्टेजवर सिंपल माईक घेऊन उभा राहिला आणि शांततेबद्दल बोलला, आपण आधी माणसं राहूया अशा अर्थाचं काहीतरी, आणि शेजारी त्याचे रशियन सहकारी. विचार करा, घरी मिसाइल पडतायत आणि तुम्ही स्टेजवर ‘एकजण बी वर आहे’ (बी ही मॅपमधली जागा) असं सांगताय, ज्या भाषेत सांगताय ती पलीकडच्यांची पण भाषा आहे. मे मधे अँटवर्पच्या मेजरची फायनल फेझकडनं हरले आणि लगेच बूम्बला गेला, क्लबनं कारण दिलं ते खेळाचं नव्हतंच, क्लबच्या प्रतिष्ठेला धोका असं दिलं. त्याच्या जागी एसडीवाय नावाचा खेळाडू आला, जूनमधे ब्लास्टची एक स्पर्धा जिंकलेही. मग एसडीवायच्या जागी एनपीएल. पण इलेक्ट्रॉनिक आणि परफेक्टोला क्लबनं युद्ध सुरू झाल्यावर वर्षाहून जास्त ठेवलं. मला तर वाटतं ते ठेवणंच जास्त अवघड होतं, काढण्यापेक्षा.

2023 च्या जूनमधे शेवटी तो निर्णय झाला. इलेक्ट्रॉनिक, परफेक्टो क्लाउड9 कडे. एनपीएल बाहेर. फिनलंडचा अलेक्सिब, रोमानियाचा आयएम, लिथुआनियाचा जेएल आत. आणि टीमची भाषा इंग्रजी.

आता खरं सांगू का, मला ह्या सगळ्यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते, आणि ग्रुपवर एकानंही ह्यावर एक ओळ लिहिली नाही. तुम्ही कोण गेला कोण आला ह्याच्या याद्या करत बसलात. पण जवळपास चौदा वर्षं ज्या भाषेत ही टीम ओरडत होती ती भाषाच एका दिवसात बदलली.

आपलं आठवा ना. कॅफेत आपण कसं खेळायचो? ‘मागं मागं मागं!’ ‘खाली हाय एक, खाली, लाल झालाय’, ‘ए तू जाऊ नको रे, थांब, मी येतो, थांब म्हणलं ना भा...’. ह्यात विचार कुठं होता? डोळ्यानं बघितलं की तोंडातनं बाहेर. मग आपली टीम पांगली, एक हिंजवडीत, एक जर्मनीत, एकाला जुळी झाली (त्याला माफ), आणि मी बेंगळुरूला. तिथं ऑफिसातले दोघं घेऊन पाचाची जुळणी केली, एक कोइमतूरचा, एक भुवनेश्वरचा. दोघंही माझ्यापेक्षा चांगले. आणि भाषा काय, तर इंग्रजी, मधे मधे हिंदी. पहिल्याच रात्री मिराज मॅपवर मी पॅलेस नावाच्या जागेत, मागनं पायांचा आवाज आला, मला दिसलं पण, आणि तोंडातनं आलं ‘मागं!’. कोइमतूरवाला तसाच उभा. मेला. मग मी ‘बिहाइंड’ म्हणलं, तोवर मी पण मेलो. असे त्या मॅचमधे निदान चार राउंड गेले. इतकं सोपं असतं ते, एक शब्द, दोन अक्षरं, पण तो शब्द डोक्यात शोधायला जो पाव सेकंद लागतो ना त्यात माणूस मरतो. दोन-तीन महिने लागले आम्हाला. आणि आम्ही तर कुठल्या बक्षिसासाठी खेळत नव्हतो.

म्हणून मला बिटचं आणि ब्लेडचं जास्त कौतुक वाटतं. पोरगा ज्या भाषेत ज्युनियर टीमपासनं शिकला ती सोडून वीस वर्षांचा असताना दुसऱ्या भाषेत पहिल्यापासनं. सिंपल पण त्या नव्या टीमबरोबर काही महिने खेळला बरं का, हे विसरू नका, त्याला कुणी दारातनं ढकललं नाही. ऑक्टोबर 2023 मधे त्यानं ब्रेक घेतला. जागेवर वंडरफुल आला, युक्रेनचाच पोरगा. आणि तेव्हा ग्रुपवर काय लिहिलं गेलं? मी स्क्रीनशॉट ठेवलेत. ‘आता ही टीम प्लेऑफला पण जात नाही.’ ‘अलेक्सिब म्हणजे हकालपट्टीचा बादशाह.’ दुसऱ्यात तथ्य होतं म्हणा. बिचाऱ्याला एन्स या टीमनं मेजरच्या फायनलनंतर काही महिन्यांत काढलं होतं, मग ओजी, मग जी2, मग एनआयपी, सगळीकडनं सामान बांधून.

31 मार्च 2024, कोपनहेगन. सीएस2 ची, म्हणजे काउंटरच्या नव्या गेमची, पहिलीच मेजर, फायनलला फेझ. पहिला मॅप घेतला, दुसरा मिराज 2-13 असा हरले, म्हणजे अक्षरशः अब्रू गेली, मी लॅपटॉप अर्धा मिटला होता. तिसरा इन्फर्नो, 13-3. त्याच फेझला. दहा महिन्यांपूर्वी ज्यांची भाषा एक नव्हती अशी टीम एवढा मार खाऊन पुढच्या वीस मिनिटांत अशी उभी राहते हे मला अजून कळलेलं नाही. एमव्हीपी, म्हणजे स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू, जेएल, तुमचा भाडोत्री. आणि स्टॉकहोमच्या फोटोतला एकच माणूस त्या स्टेजवर होता, बिट. जुन्या सीएसगो आणि नव्या सीएस2 दोन्हीत मेजर जिंकणारा पहिला तोच.

दुसऱ्या दिवशी, 1 एप्रिलला, वानखेडेवर मुंबईची मॅच होती. रोहितला काढून हार्दिकला कॅप्टन केलेलं ते वर्ष. टॉसला हार्दिकला घरच्या मैदानावर आपल्याच लोकांनी हुर्यो केली. मी टीव्हीवर ते बघत होतो आणि मोबाईलवर आपला ग्रुप, जिथं मेजर जिंकून चोवीस तास झाले नव्हते आणि एकानं लिहिलेलं, ‘सिंपल असता तर 13-0 झालं असतं’. म्हणलं वा रे पब्लिक, दोन्हीकडं सेम.

सिंपलबद्दल पण बोलतो, नाहीतर म्हणाल टाळलं. माझं दुःख तुमच्याएवढंच आहे. तीन वेळा जगात एक नंबर, 2018, 2021, 2022. ब्रेक घेतल्यावर जवळपास दोन वर्षं तो कागदावर नावीचाच होता, मधे फाल्कन्स टीमला उसना, मग 2025 च्या ऑस्टिन मेजरला फेझला उसना, आणि मग बीसी गेम या टीमकडे कायमचा. नऊ वर्षांचा हिशोब असा हप्त्याहप्त्यानं मिटला. झ्यूसला निदान सगळ्यांदेखत निरोप मिळाला होता. सिंपलचा शेवट कधी झाला हे नक्की तारीख लावून सांगताच येत नाही, आणि हे मला टोचतं, त्यात क्लबचं किती आणि त्याचं स्वतःचं किती ते तेच जाणोत. पण ह्याचा राग जेएलवर किंवा आयएमवर काढायचं काय कारण? बरं आता तर जेएल पण ब्रेकवर गेला, 2025 च्या उन्हाळ्यात, आणि त्याच्या जागी कोसोवोचा मकाझे आला, ज्युनियर टीममधनं. बिट आला होता त्याच दारातनं. उद्या मकाझे जाईल तेव्हा तुम्हीच त्याचा फोटो टाकून ‘खरी नावी’ लिहाल, मी आत्ताच स्क्रीनशॉटसाठी जागा रिकामी करून ठेवतोय.

तर मागणी दोनच. एक, ग्रुपचा डीपी स्टॉकहोमचा ठेवा, माझी हरकत नाही, पण कॉमेंटमधला तो शब्द काढा. आणि दोन, रविवारी रात्री साडेदहाला आपण चार जण आहोत, जर्मनीवाल्याला पण ती वेळ जमते. पाचवा मी बोलवतोय, तोच कोइमतूरवाला. मॅग्नम त्यालाच द्यायची, त्यावर वाद नको. आणि त्याला आता ‘मागं’ कळतं, मी शिकवलंय, ‘खाली’ पण कळतं, फक्त ‘थांब रे’ म्हणलं की तो अजून पुढं पळतो, तेवढं सांभाळून घ्या.

तुमचाच,
स्टुलावरचा सहावा